हिवरखेडची तीन वेळची धार

हिवरखेडच्या त्या बुढीनं मला फसवलं नाही, असं आमचं गाव आजही म्हणतं. गावाचं काय जातं म्हणायला. म्हैस गावानं घेतली नव्हती, मी घेतली होती.

जनावराच्या सौद्यात मला कोणी गंडवत नाही, ही माझी खरी कमाई. बापानं मागं ठेवल्या दोन शेळ्या, त्यातली एक लंगडी. तिथून मी बैलजोडीपर्यंत आलो तो कोणाच्या पुण्याईनं नाही, तोंडाच्या जोरावर. तेल्हाऱ्याच्या आसपासच्या चार गावांतली माणसं जनावर घ्यायला निघाली की मला गाडीवर मागं बसवून नेतात. मी दात पाहतो, खूर पाहतो, विकणाऱ्याचे डोळे पाहतो आणि मग भांडतो. भांडण चांगलं झालं की सौदा चांगला होतो.

एकदाच चुकलो. दोन वर्षांपूर्वी बाजारातून म्हैस आणली. कास अशी टरारलेली, की तिला चालताना पाय फाकवावे लागत. विकणाऱ्यानं आदल्या दिवसापासून धारच काढलेली नव्हती, सगळं दूध तुंबवून बाजारात उभी केली होती. दुसऱ्या दिवशी तिनं जे दिलं त्यात मांजर उपाशी राहिलं असतं. ती विकली आणि आमच्या घरी पिशवीचं दूध सुरू झालं. जनावरं पारखणाऱ्याच्या घरी पिशवी. बायको ती पिशवी मुद्दाम दारात उभी राहून फोडायची. या उन्हाळ्यात मी नवी म्हैस पाहायला निघालो, तेव्हा ती कुरडया वाळत घालत होती. मान वर न करता म्हणाली, "हेही जनावर फुसकं निघालं, तर पुढचं मी पाहीन. तुमी घरी बसा." आणि हे ती शेजारणीच्या देखत म्हणाली.

म्हणून यंदा ठरवलं, तीन वेळची धार स्वतः पाहायची. आमच्याकडं ही जुनी रीत आहे. संध्याकाळ, सकाळ आणि परत संध्याकाळ, घेणारा विकणाऱ्याच्याच घरी मुक्काम ठोकतो आणि म्हैस नजरेआड होऊ देत नाही. मग तुंबवातुंबवी चालत नाही. त्रास एवढाच, की ज्याच्याशी भांडायचं त्याच्याच घरचं जेवावं लागतं.

हिवरखेडच्या त्या घरात एक म्हातारी, तिचा मुलगा आणि सून. मुलाला अकोल्यात काम लागलं होतं, म्हातारी थकली होती, म्हणून म्हैस काढायची होती. तिची वगार महिनाभरातच मेल्याचं त्यांनी आपणहून सांगितलं. पिल्लू नसलं की म्हैस पान्हा सोडत नाही, हे शेंबड्या पोराला कळतं. मी तोंड पाडलं, जिभेनं चकचक केलं आणि त्या मेलेल्या वगारीच्या नावानं भाव पाडायला सुरुवात केली. मुलगा गोड बोलणारा होता. म्हणाला, ही देते. मी म्हणालो, पाहू.

त्या घरात कूलर एकच, आणि त्याचं तोंड खिडकीतून गुरांच्या कोठ्याकडं. घरची माणसं आत ओले दुपट्टे पांघरून पडलेली आणि म्हैस कूलरच्या हवेत डोळे मिटून रवंथ करते आहे. साहजिकच दुपारी अख्खी गल्ली कोठ्यात येऊन बसायची. शेणाचा वास चालेल, पण हवा पाहिजे. तिथं मी दोन दुपारी काढल्या. अमरावतीचं ऊन वाईट की अकोल्याचं, यावर पहिल्या दिवशी दोन तास गेले. शेवटी एकानं निकाल दिला, की अमरावतीचं ऊन माणूस मारते, अकोल्याचं ऊन माणसाले जित्ता ठेवून मारते. एकाच्या बैलानं लग्नाच्या मांडवातल्या पत्रावळी खाल्ल्या होत्या आणि तो नवरीच्या बापाकडं बैलाच्या औषधाचा खर्च मागत होता. मला वाटतं त्याचं बरोबर होतं. चाऱ्याचं कुटार कोणाकडं उरलं, सरकीच्या ढेपेत भेसळ कोण करतं, कोणता जावई कोठ्यात पाय ठेवत नाही, सगळं झालं. मी हूं हूं करत होतो, पण डोळा म्हशीवर.

धार बुढीच काढायची. पहिल्या संध्याकाळी मी तिच्या बाजूला उकिडवा बसलो. हात पाहिले, सड पाहिले, दुधाचा गंज रिकामा आहे का तो उलटा करून पाहिला. ती बसली आणि तिची बडबड सुरू झाली. दूध जोरात पडत होतं, पण या टकळीपुढं धारेचा आवाज नीट ऐकू येईना, आणि धारेच्या आवाजावरून सड मोकळा आहे की जड ते कळतं.

मी म्हणालो, "मावशी, जरा चूप बसून काढा. धार ऐकू येऊन नाही राहिली."

तिनं मान वळवली नाही. "तू धार पाह्याले आला ना? मंग पाह्य. कान कायले लागते त्याले?"

कूलरच्या हवेला बसलेले सगळे हसले. भाव अजून ठरायचा होता म्हणून मी गिळलं. फेस बसू दिला आणि दूध मापलं. सकाळी मापलं, दुसऱ्या संध्याकाळी मापलं. एका गुंजेचा फरक नाही. त्या घरानं मला दोन्ही दिवस आमरस वाढला, वर कुरडई. कुरडई तोंडात असतानाच मी शेवटचा भाव पाडला. मुलगा हो म्हणाला. दुसऱ्या सकाळी धार काढून झाल्यावर टेम्पोत म्हैस चढवताना बुढी कोठ्याच्या दारात उभी होती. मला म्हणाली, "बोलत जाय रे बाप्पू तिच्यासंगं." मी हाव हाव म्हणालो. जनावर देताना बाया असं काहीबाही म्हणतातच. कोणी सांगतं नीट ठेवा, कोणी सांगतं मारू नका.

घरी आणली. बायकोनं ओवाळली, ढेप ठेवली, संध्याकाळच्या धारेला गंज घेऊन बसली. म्हशीनं ढेप चाटून साफ केली, बादलीभर पाणी प्याली आणि दूध दिलं नाही. थेंब नाही. लाथ मारली असती तर मला बरं वाटलं असतं, निदान काही कारण कळलं असतं. ती शांतपणे रवंथ करत राहिली. मी बसून पाहिलं. कासेला गरम पाण्याचा हात फिरवला. मग माझा पारा चढला आणि मी तिला जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. ती आणखी आखडली. सकाळी तेच. शेजारच्या एकानं पान्हा सोडायची सुई लावायचा सल्ला दिला, बाजारातले काही लोक लावतात तशी. बायको म्हणाली, सुई लावूनच दूध काढायचं असेल तर पिशवीच बरी. पिशवी हा शब्द तिनं जरा लांबवून म्हटला.

मी हिवरखेडच्या मुलाला फोन करून तासभर शिव्या घातल्या. तो म्हणाला, आमच्याकडं तर देत होती, तुमीच पाह्यलं. ते खरं होतं, म्हणून जास्त राग आला.

नऊ वाजेपर्यंत निंबाखाली पंचायत भरली. भरवली कोणी नाही, उन्हाळ्यात ती भरतेच, फक्त विषय लागतो. आमच्या गल्लीत एक म्हातारा आहे, त्यानं जन्मात एक कोंबडी विकली नसेल, पण न्याय द्यायला तो नेहमी पुढं. मी म्हणालो, खोड लपवून जनावर विकलं, हा दगा आहे, म्हैस परत घेतली पाहिजे.

"दोन दिवस तू काय पाह्यत होता मंग?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"हात पाह्यले, सड पाह्यले, गंज उलटा करून पाह्यला."

"अन् बुढी काय करे?"

"दूध काढे. अन् बडबड करे."

"काय बडबड?"

ते मला माहीत नव्हतं. दीड दिवसात तीन वेळा मी तिच्यापासून हातभर अंतरावर बसलो होतो आणि एक शब्द ऐकला नव्हता. निंबाखाली आधी एक हसला, मग सगळे. म्हातारा म्हणाला, म्हैस तिच्या आवाजाले पान्हा सोडते, ह्याले खोड म्हणत नाही, सवय म्हणतात. मग मी बुढीचं ते जातानाचं वाक्य सांगून बसलो. सांगायला नको होतं. म्हातारा मांडीवर हात मारून म्हणाला, तिनं तर सांगितलं होतं तुले. मी म्हणालो, सौदा झाल्यावर सांगितलेली खोड ही सांगितलेली धरत नाहीत. माझं आजही हेच म्हणणं आहे. कोणत्याही बाजारात विचारा.

संध्याकाळी नाइलाजानं परत फोन लावला आणि बुढीला मागितलं.

ती म्हणाली, "मी सांगतलं होतं तुले."

"सौदा झाल्यावर सांगतलं, मावशी."

"मंग सौद्याच्या आधी तू बोलू देल्लं का मले? चूप बसा म्हने."

मी फोन घेऊन म्हशीकडं गेलो. फोनचा स्पीकर चालू केला आणि तिच्या डोक्याजवळच्या खांबाला दुपट्ट्यानं बांधला. बायको गंज घेऊन बसली. फोनमधून बुढी सुरू झाली, "काय वं भवाने, खाल्लं का? पानी देल्लं का त्यायनं तुले, का नुसतीच कोरडी ढेप टाकली?" म्हशीचे दोन्ही कान खांबाकडं वळले. बुढीनं तिला सांगितलं की नळाला दोन दिवस पाणी नाही, सून पापडात मीठ जास्त टाकते, आणि कूलर आता घरात फिरवला आहे पण झोप येत नाही. बायको हळूच म्हणाली, कास सैल झाली. आणि मग बुढी माझ्यावर आली. "तो मानूस कसा हाये वं? दोन दिवस माह्या घरी रस वरपला, अन् कुरडई तोंडात असतांना भाव पाडे. एवढा कंजूस मी माह्या माहेरी पन नाही पाह्यला." पहिली धार गंजात पडली ती या वाक्यावर. कुंपणापलीकडं शेजारी उभे होते. ते दूध पाहत नव्हते.

पुढं सहा दिवस हेच. सकाळ-संध्याकाळ फोन, आणि फोनच्या वेळेला माझ्या कोठ्यात गल्ली. लोक रिकाम्या हातानं यायचे, बसायला पोती आपणच अंथरायचे. बाया मधेच बुढीला लोणच्याचं विचारायच्या आणि बुढी म्हशीला थांबवून त्यांना सांगायची. एकीनं तर बुढीच्या लेकीच्या पोरासाठी मुलगी सुचवली. माझ्याबद्दल रोज एखादी नवी गोष्ट निघायची. दीड दिवसात त्या बुढीनं माझ्यात इतकं पाहून ठेवलं होतं, की मी तिच्या म्हशीत त्याच्या निम्मंही पाहिलं नव्हतं. दूध मात्र पुरेपूर. पिशवी बंद झाली. बायको धार काढताना फोनमधलं सगळं कान देऊन ऐकायची, आणि त्याची मला जास्त काळजी वाटत होती.

सातव्या संध्याकाळी फोन लागेना. मुलगा अकोल्याला गेला होता आणि फोन त्याच्याबरोबर. मी चार वेळा लावला, पाचव्यांदा फोन आपटणार होतो. म्हैस खांबाकडं कान करून उभी. गल्ली थोडा वेळ थांबली आणि आजचा कार्यक्रम नाही म्हणून उठून गेली. बायको मला म्हणाली, तुम्ही बाहेर जा. मी हौदापाशी जाऊन उभा राहिलो.

आत गंज खाली टेकला. मग तिचा आवाज आला, जरा अडखळत. आज ऊन लई होतं, वं माय. कुरडयाचा चीक नासला. मग थोडं थांबून, त्याच आवाजात, ती माझ्यावर आली. हिला बुढीसारखे दीड दिवस नव्हते मिळाले, एकवीस वर्षं मिळाली होती. भावाच्या लग्नाला मी तिला गाडीवर नेलं आणि मधे बोकड बसवला, हे तिनं सांगितलं. वाटेत बोकडाचं गिऱ्हाईक भेटलं म्हणून ती अर्धा तास उन्हात उभी होती, हेही. आतून धार सुरू झाल्याचा आवाज आला, आणि तो चांगला जाड होता. मग ती म्हणाली, पहिल्या बाळंतपणात ती आत ओरडत होती आणि मी बाहेर डॉक्टराशी भाव करत होतो.

हे मात्र खोटं होतं. मी बाहेरून म्हणालो, "भाव आधी झाला होता. तू ओरडत होती तेव्हा मी पायऱ्यावर बसलो होतो."

धार थांबली.

"बोलू नका," ती आतून म्हणाली. "दूध चढवून घेतलं तिनं."

तिनं म्हशीची समजूत काढली, काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. थोड्या वेळानं परत सुरू झालं. मग ती सावकाश, एकेक शब्द सोडत म्हणाली, "मले नेलं असतं ना वं हिवरखेडले, तर पहिल्याच धारेले समजलं असतं, ही बुढी कायले बोलून राहिली ते. यायले हात दिसले, सड दिसले. बाई दिसली नाही. आता पुढचं जनावर मीच पाहीन."

याला माझ्याकडं चार उत्तरं तयार होती, आणि चारही बिनतोड. आमच्या बाजारात आजवर एकाही बाईनं सौदा केलेला नाही, इथून सुरुवात होती. मी तोंड उघडलंसुद्धा. पण धारेच्या आवाजावरून कळत होतं, गंज अजून अर्धाच भरला होता. मी हौदाच्या काठावर बसलो आणि तोंड मिटलं.