आईच्या वाट्याचा घोस

आई गेली आणि माझ्या देवघरातला दिवा लागेनासा झाला. मुद्दाम बंद केला असं नाही, सुटला. फाल्गुनात फोन आला, मी कुवेतहून निघून रत्नागिरीला पोहोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. कुवेतला परत आल्यावर महबूला भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये मी देवापुढे उभी राहायची, पण हात जोडले जायचे नाहीत. आमच्या घरी अक्षय्य तृतीयेला पितरांना आंबा ठेवल्याशिवाय कोणी तो तोंडात घालत नसे. आई हे इतकं कडक पाळायची, की घरात पेटी आली तरी आम्ही भावंडं नुसता वास घेत फिरायचो. त्या वर्षी पितरांत तीच जाऊन बसली होती. गावी भावाने सगळं रीतसर केलं. इथे मी आंबे आणून समोर ठेवले आणि तशीच बसून राहिले. माझी मुलगी मराठी प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देणारी. ती तिच्या इंग्रजीत म्हणाली, "ठेवले काय, नाही ठेवले काय, इथे कोणाला कळणार आहे?" मला राग यायला हवा होता. आला नाही, कारण माझ्या मनातही तेच होतं. आंबे सुरकुतले, मग टाकून दिले. आईचा वाटा द्यायचा राहिला तो राहिलाच, आणि तो सल घेऊन मी उन्हाळा काढला.

आमच्या समोरच्या दारात सत्तरीच्या एक आर्मेनियन बाई राहतात, आनूश नावाच्या. जन्म सीरियातल्या अलेप्पोचा, लग्न होऊन कुवेतला आल्या त्या इथल्याच झाल्या. आर्मेनिया त्यांनी कधी डोळ्यांनी पाहिलेला नाही. नवरा गेला, मुलं कॅनडात. ऑगस्टमध्ये त्यांनी द्राक्षाच्या पानांत भात गुंडाळून केलेले रोल वाडगाभर दिले. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये, ही आईची शिकवण. मी तो वाडगा द्राक्षांनी भरून नेला. बाईंनी तो कपाळाला लावला आणि बाजूला ठेवला. "एक तरी खा," म्हटलं, तर मान हलवून नाही म्हणाल्या. मनात म्हटलं, घ्या! म्हणजे यांचं आम्ही खायचं आणि आमचं यांना चालत नाही. नाक मुरडून घरी आले.

दुसऱ्या दिवशी बाई स्वतःच माझ्या दारात उभ्या. मोडक्या इंग्रजीत, मध्ये मध्ये अरबी पेरत त्यांनी सांगितलं, की चर्चमध्ये आशीर्वाद मिळेपर्यंत त्यांच्यात नव्या हंगामाची द्राक्षं खात नाहीत. सण रविवारचा, पण इथे सुट्टी शुक्रवारी, म्हणून देवानेही शुक्रवार चालवून घेतला होता. "नेहमी नेणारी मैत्रीण गावाला गेलीय. तू नेशील, जान?" मग मुलीचाच प्रश्न माझ्या तोंडून निघाला, "मावशी, तुम्ही आधी खाल्लीत तर इथे कोणाला कळणार आहे?" त्या हसल्या. म्हणाल्या, "मला कळेल ना! लहानपणी आईने याच दिवसांत माझ्या हातावर चापट मारली होती. अजून लागते."

तो शुक्रवार मला अर्धवट झोपेतल्यासारखा आठवतो. हवेत दमटपणा इतका, की समुद्र आणि आकाश वेगळे दिसत नव्हते. रस्ता पांढरा, गाड्या त्यातून आवाज न करता चालल्यासारख्या. मावशी माझ्या द्राक्षांचा वाडगा मांडीवर धरून बसल्या होत्या. चर्च बाहेरून साध्या घरासारखं, आत मात्र धुपाचा दाट वास आणि ताटंच्या ताटं द्राक्षं. प्रार्थनेतला एकही शब्द मला कळत नव्हता. शेजारचा एक माणूस मुलाच्या कानाशी लागून तेच शब्द हळूहळू म्हणवून घेत होता, आई माझ्याकडून रामरक्षा म्हणवून घ्यायची तसं. मी डोळे मिटले. किती वेळ गेला ठाऊक नाही. खांद्यावर हात पडला, समोर मावशी होत्या, वाडग्यातले दोन घोस घेऊन. "हा तुझ्या मुलीला," त्या म्हणाल्या, "आणि हा तुझ्या आईला."

आईबद्दल मी त्यांना कधी काही बोलले नव्हते. ती आहे की गेली, हेही त्यांना माहीत नव्हतं. त्यांना ते कसं सुचलं, मी तेव्हा विचारलं नाही आणि पुढेही विचारावंसं वाटलं नाही. त्या अनोळखी लोकांच्या गर्दीत मी पहिल्यांदा आईसाठी रडले, अगदी हुंदके देऊन, आणि मावशींनी रडू दिलं.

परतताना गाडीत मी त्यांना आईचं आणि अक्षय्य तृतीयेच्या आंब्यांचं सगळं सांगितलं. घरी येऊन दिवा लावला. आईच्या फोटोपुढे घोस ठेवला आणि हात आपोआप जोडले गेले. मुलगी पाहत होती. दुसऱ्या घोसाकडे तिने हात नेला, मग मागे घेतला. "आजीचं झालं?" तिने विचारलं, मराठीत. मी मान डोलावली, तेव्हा तिने पहिलं द्राक्ष तोडलं.

देवाने माझ्याच तिथीला, माझ्याच फळातून, माझ्याच उंबऱ्यावरून यावं म्हणून मी अडून बसले होते. तो समोरच्या दारातून आला. तेव्हापासून मी त्याला वाट दाखवायचं सोडलं आहे. तो वाट काढतो, आपण दार उघडं ठेवावं.

या चैत्रात बेल वाजली. मावशी दारात, हातात तोच वाडगा, त्यात आंबे. घरभर वास सुटला. मी आत बोलावलं, तरी त्या उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

"आठवडा झाला आणून, अजून एकही खाल्ला नाही," त्या म्हणाल्या. "तुमचा दिवस कधी आहे?"