शोभाकाकूंची शाल आणि चैत्रालीचा चेलो

ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमधल्या अनिल आणि सुलभा गद्रे यांची मुलगी चैत्राली चेलो, म्हणजे बसून वाजवायचं भलंमोठं व्हायोलिन वाजवायची, आणि तोही युरोपात तीनशे वर्षांपूर्वी वाजवत तसा, बरोक पद्धतीने. त्या चेलोला जमिनीवर टेकवायला दांडी नसते; तो पोटऱ्यांत आवळून धरायचा. स्टीलच्या ताराही त्याला चालत नाहीत. ह्यूस्टनच्या चर्चमध्ये, कुणाच्या लग्नात, कधी पांढऱ्या केसांचा टोप चढवून ती वाजवायची, आणि उरलेल्या वेळात शिकवण्या घ्यायची. "बरोक म्हणजे नेमकं काय हो?" असं कुणी विचारलं, की सुलभाताई "जुनं असतं, आपल्या धृपदासारखं," म्हणून चहा टाकायला उठायच्या.

२००५च्या गणपतीत तिथल्या मराठी मंडळाने तिला आरतीआधी पंधरा मिनिटं दिली. कार्यक्रम शाळेच्या कॅफेटेरियात होता. मोदकांची वाफ, खच्चून भरलेला हॉल, बाहेर टेक्ससचा चिकट उकाडा, आणि एसीने नेमकी तेव्हाच मान टाकली. चैत्राली खुंट्या पिळत बसली. त्या दमट हवेत एक तार सुरात आली की दुसरी रुसायची. बऱ्याच वेळाने घाम पुसायला तिने गज बाजूला ठेवला, तर टाळ्यांचा कडकडाट!

"वा! काय गंभीर राग होता," अध्यक्ष गिरीशकाका म्हणाले.

"काका, मी अजून ट्यून करतेय."

सूत्रसंचालन शोभाकाकूंकडे होतं. वेळ भरून काढायला त्यांनी माइक पुढे केला. "कसल्या गं तारा या, इतका त्रास देतात?"

चैत्रालीला वेळेवर थाप सुचत नसे. "मेंढीच्या आतड्याच्या," ती माइकमध्ये म्हणाली.

कुणीतरी मोदकांचं ताट हळूच मागे ओढलं.

"अगं, बाप्पासमोर?" शोभाकाकू पुटपुटल्या.

पहिल्या रांगेतून सुलभाताई ताडकन उठल्या. "म्हणजे तीन वर्षं माझ्या देवघराशेजारी मेंढी उभी होती?"

ज्यूसच्या मशीनपाशी कमिटीची तातडीची मीटिंग भरली. "तबल्याला कातडं कुणाचं असतं? बकरीचंच ना!" गिरीशकाका कडाडले. आरतीसाठी तबला घेऊन बसलेल्या अरुणने चटकन दोन्ही हात मांडीवर घेतले. "मला यात ओढू नका यार."

शेवटी तोडगा निघाला. शोभाकाकूंनी एसीच्या गारठ्यासाठी आणलेली आपली शाल काढली आणि दोन कार्यकर्ते ती ताणून बाप्पा आणि चेलोच्या मधे उभे राहिले.

चैत्रालीला आधी राग आला, मग असं हसू फुटलं की गज थरथरायला लागला. तिने डोळे मिटले आणि सर्वांत खालचा सूर लावला. जाड, खरखरीत, जुन्या लाकडासारखा. मोदक वाढणारी मंडळी जागच्या जागी उभी राहिली. शाल धरणारे दोघे ऐकता ऐकता डोलू लागले, आणि वादन संपलं तेव्हा शाल जमिनीवर पडलेली होती. कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

"आवाज मात्र गोड आहे हो मेंढीचा," शोभाकाकू माइक चालू आहे हे विसरून बोलल्या.

दोन वर्षांनी बॉस्टनच्या एका छोट्या वाद्यवृंदाने चैत्रालीला घेतलं. पहिल्याच थंडीत तिचा रडवेला फोन आला. "आई, हीटिंगने हवा इतकी कोरडी झालीय की खुंट्याच घसरतात."

"खोलीत पाण्याचं पातेलं ठेव," सुलभाताई म्हणाल्या. "आणि चेलोला हीटरजवळ नको ठेवूस. थांब, मीच येते."