मागची सीट

इथे इंग्लंडमध्ये माझा शेजारी दर शनिवारी माझ्याच गाडीतून मला शोरूममध्ये नेतो, ती लाल, दोन दारांची स्पोर्ट्स कार बघायला. "रोज ऑफिसला हिनेच जाईन रे. मिल्टन कीन्सचे हे गोल-गोल राउंडअबाउट हिच्यासाठीच केलेत," असं म्हणताना तो अंगठ्याचं नख चावत असतो. इन्शुरन्स विचारून झालाय. डिकीत दहा किलो तांदळाची पिशवी बसते, हेही बघून झालंय.

परवा त्याने मला मागच्या सीटवर बसवलं. "आई जूनमध्ये येतेय. तिच्यासारखा बस."

माझे गुडघे हनुवटीला आणि डोकं छताला टेकलं. "ठीक आहे की," मी खोटंच म्हणालो. पण उतरता येईना. त्याने पुढची सीट सरकवून हात दिला. "सावकाश. घाई नाही," तो इतक्या हळू म्हणाला की मलाच अवघडल्यासारखं झालं.

मग सेल्समनला म्हणाला, "नेक्स्ट वीक."

चार वर्षं झाली, त्याची आई दर जूनमध्ये भारतातून येणार असते.

परतताना तो माझ्या गाडीच्या मागच्या सीटकडे वळून बघत होता. गाडी घेऊन तीन वर्षं झाली, तरी त्या सीटवरचं प्लास्टिक मी काढलेलं नाही.

"तुझी आई कधी येतेय?" त्याने विचारलं.

"जूनमध्ये," मी म्हणालो.