साळवे सिस्टरांचं हुकलेलं विमान

त्या दिवशी नाशिकच्या आमच्या नर्सेस मेसमध्ये बिनतिखटाची भाजी होती… परदेशी पाहुण्या येणार म्हणून! मेसच्या मावशींनी मिरचीचा हात इतका आखडता घेतला, की पाहुण्यांचं जाऊ द्या, आम्हालाच घास उतरेना.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. मी नुकतीच स्टाफ नर्स झालेली, टोपीला कडक स्टार्च करून मिरवायचे दिवस. त्यात जगभरातल्या नर्सेसच्या संघटनेच्या एक बाई आमच्या मेसमध्ये जेवायला येणार म्हणजे… काय विचारता!

मॅडम आल्या होत्या त्या एका कामासाठी. पुढची जागतिक परिषद कुठल्या देशात भरवायची, यावर त्या गावोगावच्या शाखांचं मत घेत फिरत होत्या. दोन देश उरले होते. पहिल्या देशात गोऱ्यांचं राज्य, समुद्रकाठचं झकास हॉटेल, आणि निबंध वाचणाऱ्यांचं विमानाचं तिकीट यजमान काढणार. दुसरा देश थंडगार, आणि तिकीट ज्याचं त्यानं काढायचं.

आमच्या शाखेतून निबंध निवडला गेला होता साळवे सिस्टरांचा. भाजलेल्या पेशंट्सच्या वॉर्डच्या त्या इन्चार्ज. स्टोव्हच्या भडक्यात होरपळलेल्या बायका यायच्या हो… त्यांच्या जखमेला चिकटलेलं ड्रेसिंग कमीत कमी दुखवून कसं सोडवायचं, यावर सिस्टरांनी लिहिलं होतं.

त्यांचे मिस्टर एकलहऱ्याला पॉवर स्टेशनमध्ये कामाला. त्यांनी बायको परदेशात जाणार ही बातमी अख्ख्या कॉलनीत करून टाकलेली. आणि सिस्टर एरवी एवढ्या कडक, पण ओझरच्या विमानतळाकडून एखादं विमान वरून गेलं की हातातलं काम ठेवून खिडकीशी जायच्या. आम्ही पोरी हसायचो, "सिस्टर, तुमचं आलं बघा!" त्यापण हसायच्या.

त्यामुळे आमचं मत ठरलेलंच होतं. पहिला देश! कोणाला हॉटेलचं काय पडलं होतं, आम्हाला आमच्या सिस्टरांना विमानात बसलेलं बघायचं होतं.

जेवण झालं. मॅडम हळू हळू, आम्हाला कळेल अशा इंग्लिशमध्ये दोन्ही देशांची माहिती सांगू लागल्या. पहिला देश किती सुरक्षित, तिथले लोक किती अगत्याचे… आता हात वर करायचे, तेवढ्यात साळवे सिस्टर उभ्या राहिल्या.

त्यांनी एवढंच विचारलं, "तिथल्या सावळ्या नर्सेस आमच्याबरोबर त्याच हॉटेलात जेवायला बसतील ना?"

मॅडम जरा गडबडल्या. मग म्हणाल्या, तिथल्या मूळच्या लोकांना त्या हॉटेलात पुढच्या दारानं येता येत नाही, त्यांच्या नर्सेससाठी वेगळा कार्यक्रम ठेवलाय. "पण तुम्ही काळजी करू नका. तुम्ही पाहुण्या. तुमच्यासाठी त्यांनी खास परवानगी काढली आहे."

सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "अशी पाहुणी मी होऊन आलेय, मॅडम. सिन्नरला."

आणि उभ्याउभ्याच त्यांनी ती हकिकत सांगितली.

आमच्या शाखेची पद्धत अशी, की तालुक्याला बैठक असली की बाहेरगावच्या नर्सेसनी तिथल्या नर्सेसच्या घरी उतरायचं. लॉज वगैरे कोणाला ठाऊक होतं तेव्हा! आदल्या वर्षी सिन्नरच्या बैठकीला साळवे सिस्टर ज्यांच्याकडे उतरल्या, ती मैत्रीण मनानं खरंच चांगली. तिनं दारातच हळूच सांगितलं होतं, "सासूबाईंना आडनाव सांगू नका हं. नुसतं सिस्टर म्हणून ओळख करून देते… म्हणजे काही अडचण नको."

सासूबाईंनी आग्रह करकरून पुरणपोळी वाढली. सिस्टर म्हणाल्या, "लोकं चांगली होती हो. तूप किती वाढलं त्यांनी! पण प्रत्येक घासाला वाटत होतं, आता कोणी आडनाव विचारलं तर? माझ्या जावेला, बहिणीला या घरात पाणी मिळालं नसतं, आणि मी पोळी खात बसले होते."

आम्हाला हे कोणालाच माहीत नव्हतं. वर्षभर आमच्याबरोबर ड्युट्या केल्या, पण बाई अवाक्षर बोलली नव्हती.

मॅडमनी मग हात वर करायला सांगितलं. सगळ्यांत आधी सिस्टरांचाच हात वर गेला… थंड देशासाठी. मला तर रडूच फुटलं. आपल्या हातानं आपलं तिकीट फाडणं म्हणजे काय असतं, ते मी त्या दुपारी बघितलं. मग एकेक करून आम्ही सगळ्यांनीच हात वर केले.

इतर शाखांनी काय सांगितलं कोण जाणे, पण परिषद थंड देशातच झाली. साळवे सिस्टर काही जाऊ शकल्या नाहीत. त्यांचा निबंध तिथे दुसऱ्याच कोणीतरी वाचला. त्या आठवड्यातही सिस्टर रोजच्यासारख्या वॉर्डात ड्रेसिंग करत होत्या आणि मी बाजूला ट्रे धरून उभी.

न राहवून विचारलं, "सिस्टर, वाईट वाटतंय का हो?"

"वाटतंय की! न वाटायला काय झालं? आमच्या ह्यांनी सगळ्या कॉलनीला सांगून ठेवलेलं, आता तोंड लपवत फिरताहेत." मग हात धुता धुता म्हणाल्या, "पण अगं, तिथं पण असेल ना एखादी सिस्टर माझ्यासारखी, मागच्या दारानं जाणारी. मी पुढच्या दारानं आत जाऊन तिच्याकडे कोणत्या तोंडानं बघितलं असतं? जाऊ दे… तिला कुठं कळणार आहे, मी आले नाही ते."

खरंच आहे. त्या बाईला ते कधीच कळलं नसणार. साळवे सिस्टरांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

निदान तुम्हाला तरी कळावं, म्हणून आज लिहिलं.