ताईचा हरभरा

फोन आला तेव्हा मी पंचवटीच्या बाजारात मेथी निवडत होते. "सुमन, ताई गेली," एवढंच दाजी बोलले. दोन दिवसांचा ताप काय आला, माझी थोरली बहीण संपली... भाद्रपद होता, भात पोटरीत आलं होतं, लोंब्या फुटायच्या बेतात. ते कापायला ती उरली नाही, याचा मला अजून राग येतो. कोणावर, ते कळत नाही.

हरसूलजवळच्या उताराच्या त्या शेतात ताई नांदायला गेली, तेव्हा सगळे गरवं भात लावायचे. उशिरा येणारं, पण चवीचं. भात झोडून झालं की दाजी मुकादमाच्या गाडीत बसून वणीकडं द्राक्षाच्या कामाला जायचे, ते थेट शिमग्याला उगवायचे. गाडी दिसेनाशी झाली तरी ताई दारातून हलायची नाही. पुढं पावसाचंच तंत्र बिघडलं. आधी ओढ, मग धो धो, आणि ऐन लोंब्या भरताना पत्ता नाही. ताईनं एकाऐवजी दोन राब भाजले. पालापाचोळा जाळून केलेल्या त्या वाफ्यांत पंधरवड्याच्या अंतरानं बी टाकलं. गाव हसलं. पहिलं रोप सगळ्यांचंच करपलं, तेव्हा हसणारेच तिच्या दुसऱ्या राबातल्या रोपांच्या जुड्या मागायला आले. ताईनं कोणाला नाही म्हटलं नाही. बदल्यात आवणीला, रोपं खाचरात लावायला, हात लावायचा, एवढीच रीत.

गेल्या वर्षी तिनं लवकर येणारं हळवं भात लावायचा हट्ट धरला. दाजी चिडले. "त्याची पेज तरी गोड लागती का?"

"पेज गोड लागाया माणूस घरी ऱ्हावं लागतं!"

त्या वर्षी हळवंच लावलं. भात लवकर निघालं आणि खाचरातल्या ओलीवर तिनं हरभरा पेरला. तो साधला असता तर दाजींना जायची गरज नव्हती... पण अवकाळी कोसळला, सगळं कुजलं. दाजी पुन्हा मुकादमाच्या गाडीत बसून गेले. "औंदा नाय तर पुढल्या साली, सुमे," असं म्हणून ती माझ्याकडं पाठ करून चूल फुंकत बसली.

परवा, दिवाळीनंतर, मी गेले. दाजींनी हळवं भात कापून खाचरात हरभरा पेरला होता. सकाळी मुकादमाची गाडी फाट्यावर कितीतरी वेळ हॉर्न वाजवत राहिली.

"जायचं नाही?" मी विचारलं.

"कसा जाऊ? हरभरा उगवलाय."

चुलीपुढं ताईचा पाट तसाच मांडलेला होता. घरात दुसरं बसायला काही नव्हतं, तरी दाजी त्याच्या शेजारी भुईवर टेकले.

ताई, दाजी घरी आहेत गं...