माणिकरावांची फ्लॉपीवरची चर्चा

आदिलाबादकडच्या तामसीच्या मराठी शाळेचे हेडमास्तर माणिकराव म्हणजे स्वतःच स्वतःला विद्वान ठरवून मोकळा झालेला माणूस. अठ्ठ्याण्णव साली शाळेला एक कॉम्प्युटर मिळाला, तर या गृहस्थांनी त्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि वर भरतकामाचं कापड टाकून खोलीला कुलूप ठोकलं. पोरांनी खिडकीतून पाहायचं. हात लागला की बिघडतो म्हणे.

कॉम्प्युटरसोबत एक योजनाही आली होती. तामसीच्या पोरांनी एका विषयावर आपलं म्हणणं टाइप करायचं, फ्लॉपी बसच्या कंडक्टरकडं द्यायची, भैंशाच्या शाळेतल्या पोरांनी ते वाचून खाली आपलं उत्तर जोडायचं आणि फ्लॉपी परत धाडायची. दोन गावच्या वर्गांनी असं एकमेकांशी बोलायचं. कल्पना लाखाची होती हो. पण ती पडली माणिकरावांच्या हाती आणि तिची माती झाली.

पहिलाच विषय होता, मुलींच्या शिक्षणाचं महत्त्व. माणिकराव दार लावून, एका बोटानं टकटक करत, सगळ्या पोरांच्या नावानं स्वतःच लिहीत. 'शिकलेली कन्या म्हणजे राष्ट्राच्या अंगणातील नंदादीप,' असं एक वाक्य त्यांनी दहावीतल्या रुख्मिणीच्या नावावर खपवलं आणि ते स्वतःलाच दोनदा मोठ्यानं वाचून दाखवलं. पोरं काय लिहिणार, त्यांना कुठं भाषा आहे, असं त्यांचं ठाम मत.

एकदा ते सरकारी कामाला मंडल ऑफिसात गेलेले असताना कुसुमबाई मास्तरणींनी किल्ली मिळवली आणि पोरांना खरोखर कॉम्प्युटरपुढं बसवलं. रुख्मिणीनं अक्षरं शोधत शोधत लिहिलं, 'भैंशाले पोरींले राह्याची सोय हाय काय? बाबा म्हणते, सोय असली तं पुढं शिकवतो, नाई तं लगन.' तिचा बाप डोमाजी खरंच तसं म्हणाला होता. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, कामात गळ्यापर्यंत बुडालेला माणूस. चौकशीला भैंशाला कोण जाणार? परत आल्यावर माणिकरावांनी ते वाचलं. कुसुमबाईंनी हात जोडून विनवलं, एवढं राहू द्या. "बरं, राहू देतो," म्हणाले. आणि बाईंची पाठ वळताच पुसून टाकलं. चर्चेत घरचं रडगाणं? भैंशाचे लोक काय म्हणतील? त्या जागी पुन्हा नंदादीप पेटला.

रुख्मिणी उत्तराची वाट पाहत राहिली. फ्लॉपी आली की कुसुमबाईंच्या तोंडाकडं बघायची. तिकडून येई ते असलंच गुळगुळीत, कारण तिथंही पोरांऐवजी हेडमास्तरच बसलेले. म्हणजे दोन गावच्या वर्गांच्या नावानं दोन म्हातारे एकमेकांची पाठ खाजवत होते. शेवटी उत्तर नाही म्हणजे सोय नाही, असं डोमाजीनं धरलं. पऱ्हाटी निघाली आणि पोरीचं लग्न झालं.

उन्हाळ्यात आदिलाबादला दोन्ही शाळांचा मेळावा भरला. माणिकरावांना शाल मिळाली. चहाच्या वेळी भैंशाच्या विमलबाई मास्तरणींनी त्या नंदादीपवाल्या रुख्मिणीची चौकशी केली. ती का आली नाही, ते कुसुमबाईंनी सांगितलं. विमलबाईंनी कप खाली ठेवला.

"सोय नाही असं कोण म्हटलं? मुलींचं होस्टेल मीच पाहते. निम्म्या खाटा रिकाम्या आहेत. तुमी विचारायचं होतं ना."

"तिनं विचारलं होतं," कुसुमबाई म्हणाल्या आणि माणिकरावांकडं वळल्या. "पाठवलं होतं ना, सर?"

माणिकरावांनी शाल सावरली. "ते विषयाले धरून नव्हतं, बाई," म्हणाले आणि बशीतली भजी संपवू लागले.

कुसुमबाईंनी त्या दिवसापासून त्यांच्याशी बोलणं टाकलं. माणिकरावांना ते रिटायर होईपर्यंत कळलं नाही. बोलायला त्यांना समोरचं माणूस लागतच नव्हतं.