माझ्या हातातला नारळ

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. इथे लोक आपापले अमानवीय अनुभव लिहितात आणि मी गेली तीन वर्षं ते नुसते वाचतोय. मध्ये दोनदा लिहायला घेतलं, अर्ध्यावर पुसून टाकलं. आज पुसायचं नाही असं ठरवून बसलोय.

'माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता' असं इथे प्रत्येक जण आधी सांगतो. माझं त्याच्याही पुढचं होतं. जामखेड तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये मी विज्ञान शिकवतो. वडीलही शिक्षकच. कापलेल्या लिंबातून रक्त, आपोआप पेटणारा होम... असले बुवांचे चमत्कार मी गावोगाव करून दाखवायचो आणि त्यामागचं केमिकल सांगायचो. 'सरांपुढं बुवाबाजी चालत न्हाई' असं लोक म्हणायचे. हे वाक्य मला आवडायचं. जरा जास्तच आवडायचं. पुढचं सगळं त्यातूनच झालं.

गावाचं नाव देत नाही, माणसांची नावं बदलली आहेत. आमचे शेजारी अण्णा. गावाच्या पूर्वेला त्यांचं साडेचार एकर मुरमाड रान आहे. तिथे त्यांना विहीर पाडायची होती. त्यासाठी त्यांनी धोंडीमामांना बोलावलं. मामा पाणाडे — म्हणजे जमिनीखालचं पाणी सांगणारे. तळहातावर नारळ आडवा ठेवायचा, शेंडी पुढे, आणि अनवाणी रानातून चालायचं. खाली पाणी असलं की नारळ उभा राहतो, असं म्हणतात. मी अण्णांना म्हटलं, मीही येतो, बघू तुमच्या मामांचा नारळ.

चैत्रातला रविवार होता. सकाळचे अकरा वाजले असतील. रानात आम्ही तिघंच. मामा साठीच्या पुढचे, काटकुळे, पांढरी टोपी, चपला बांधावर काढून ठेवलेल्या. अर्ध्या तासात त्यांनी लिंबाच्या झाडाजवळची एक जागा सांगितली. अण्णा खूश झाले आणि चहा आणायला वस्तीवर गेले.

मग मी मामांना सुनावलं. म्हटलं, नारळ काही आपोआप उठत नाही, तुमच्याच तळहाताचे स्नायू तुमच्या नकळत हलतात, याला शास्त्रात नाव आहे. मामा रागावले नाहीत. म्हणाले, "सर, तुमी फळ्यावर पानी शिकवता, आमी रानात हुडकतो. घ्या, तुमच्या हातानं बघा. तुमचे स्नायू तर शिकलेले हायत."

मी हसत नारळ घेतला आणि मुद्दाम उलट दिशेला चाललो — रानाच्या कोपऱ्याकडे. रस्त्याच्या कामाला मुरूम नेल्यामुळे तिथे पूर्वी खड्डा होता, तो कुणीतरी बुजवला होता. त्या जागेवर पाय पडला आणि नारळ उभा राहिला.

हळूहळू नाही. झोपलेला माणूस उठून बसतो तसा. शेंडी वर. मी हात खाली घ्यायला गेलो तर हात खाली जाईना. आणि सगळ्यात वाईट म्हणजे... आतलं पाणी हलत होतं. डुचमळल्याचा आवाज मला स्पष्ट येत होता. मी मात्र हललो नव्हतो.

मामा पळत आले. खांद्यावरच्या उपरण्यात त्यांनी तो नारळ धरून काढून घेतला. त्यांचा चेहरा उतरला होता. "सर, ह्ये पान्याचं न्हाई. पान्याला नारळ असा करत न्हाई. हितनं चला." आणि त्या जागेवर त्यांनी एक दगड ठेवला.

एवढ्यात अण्णा चहा घेऊन आले. मामांनी त्यांना बजावलं — त्या दगडापाशी काही करू नका. कशामुळे, ते अण्णांनी विचारलं नाही, मामांनी सांगितलं नाही. मी चहा प्यायलो. एक अक्षर बोललो नाही. काय बोलणार होतो, माझ्या हातात नारळ उभा राहिला म्हणून?

आता आमच्या भागातला एक समज सांगतो. पाणाड्या 'इथं खांदू नका' म्हणाला की तिथे पाणी भरपूर आहे आणि तो ते दुसऱ्या कुणासाठी राखून ठेवतोय, असं लोक धरून चालतात. अण्णांनीही तेच धरलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी पोकलेन लिंबाजवळ लावलं नाही, दगडावर लावलं. सात-आठ फुटांवर बकेटला कापड आलं. मग पाय आला.

तो गोरख होता. अण्णांच्या भावकीतला, चाळिशीचा. दीड महिन्यापासून गावात दिसत नव्हता, पुण्याला कंपनीत लागला असेल असं सगळे समजून होते. डोक्यात घाव होता.

पोलिसांनी पहिला प्रश्न विचारला तो कुणीही विचारला असता — ही जागा दाखवली कुणी? अण्णा म्हणाले, धोंडीमामांनी. त्यांनी दगड बघितला होता, नारळ बघितला नव्हता. त्यात भर म्हणजे गोरखचं बोअर मामांनी सांगितलेल्या जागी कोरडं गेलं होतं आणि त्यावरून गोरखने मामांना चावडीपुढे चारचौघांत नाही नाही ते बोलून घेतलं होतं. कारण मिळालं, जागा माहीत असलेला माणूस मिळाला. मामांना त्याच संध्याकाळी नेलं.

दोन दिवसांनी मला बोलावणं आलं. तपासाचे साहेब सभ्य होते, खुर्ची दिली. म्हणाले, "सर, तो म्हणतोय नारळ तुमच्या हातात उभा राहिला. जागा तुम्ही काढली." शेजारी लिहीत बसलेला हवालदार गालात हसला.

मला इतकंच म्हणायचं होतं — हो, खरं आहे. त्या एका शब्दावर मामा कदाचित सुटले असते. पण माझ्या डोळ्यांपुढे आमची स्टाफरूम आली. शिवाय भीतीही होती, की मग मलाच विचारतील, तुम्हाला कसं माहीत?

मी म्हणालो, "साहेब, मी विज्ञान शिकवतो."

बस, एवढंच. पुढे कित्येक दिवस मी स्वतःला समजावत होतो की मी खोटं कुठं बोललो, मी 'नाही' म्हटलंच नाही. पण हवालदाराने जबाब वाचून दाखवला तेव्हा त्यात 'असे काही घडलेले नाही' असं होतं, आणि मी मान हलवली.

एकदा मधल्या सुट्टीत मामांची बायको शाळेत आली. हातात पिशवी, उन्हातून चालत आलेली. व्हरांड्यात उभी राहूनच बोलली. "सर, ते म्हनत्यात सरांना त्रास दिऊ नको, सर लई अडचनीत हायती. पर मी आले. तुमी नुसतं काय झालं त्येवढं सांगा. जास्तीचं काय बी नगं."

मी तिला म्हटलं, कोर्टात बघू. प्यायला पाणी दिलं. तिने तांब्या तसाच कठड्यावर ठेवला आणि गेली. आत आलो तर एक सहकारी म्हणाले, "काय सर, पाणाड्याचा वशिला का? आम्हाला पण एखादी जागा दाखवा." सगळे हसले. मीही हसलो. सबंध प्रकरणातलं मला सगळ्यात जास्त काय टोचत असेल तर ते हसणं.

मामा अकरा महिने आत होते. मग गोरखचा मोबाईल बीडकडे कुणीतरी चालू केला, त्यावरून त्याच्या चुलत भावापर्यंत तपास गेला. बांधाचं भांडण होतं. त्याने कबूल केलं. मामा सुटले. माझा जबाब कागदात तसाच राहिला, त्याची कुणाला गरजच उरली नाही.

सुटले म्हणजे काय, तर घरी आले. पण लोकांना अजून वाटतं की मामांना काहीतरी आधीपासून ठाऊक असणार, नाहीतर नेमकी तीच जागा कशी? 'मढं काढणारा पाणाड्या' हे नाव पडलं. त्यांना कुणी रानात पाऊल ठेवू देत नाही. हातचं काम गेलं. लेकीचं ठरलेलं लग्न त्या काळात मोडलं, ते पुन्हा जमलेलं नाही.

गेल्या महिन्यात मी मन घट्ट करून त्यांच्या वस्तीवर गेलो. या गोष्टीला आता चार वर्षं झाली. मामा पडवीत दोर वळत बसले होते. "या सर" म्हणाले, घोंगडी टाकली. मी बराच वेळ पावसापाण्याचं बोललो. शेवटी तेच उठले, आतून उपरण्यात गुंडाळलेलं काहीतरी आणून माझ्यापुढे जमिनीवर ठेवलं. तोच नारळ.

"फोडला न्हाई," मामा म्हणाले. "तुमच्या हातचा हाय. चावडीपुढं तुमीच फोडा, जवा वाटंल तवा. मी कुनाला काय सांगनार न्हाई. सांगितलं तवा कुठं कुनी ऐकलं."

चार वर्षांचा नारळ. आतलं पाणी केव्हाच आटून खोबऱ्याचा गोटा व्हायला हवा, हलवला तर खडखडायला हवा. तो जमिनीवर स्थिर पडला होता, कुणी त्याला हात लावला नव्हता, वारा नव्हता. आणि आतून पाणी डुचमळत होतं. मी मामांकडे बघितलं. ते दोर वळत होते. त्यांना ऐकू येत होतं की नाही, ते मी विचारू शकलो नाही.

हातात नारळ कसा उभा राहिला याचं उत्तर एखाद वेळेस स्नायूंमध्ये सापडेल. तो नेमका तिथेच का उभा राहिला, आणि अजून त्यात पाणी कसं आहे, याचं उत्तर माझ्याकडे नाही. मी शोधणंही सोडलंय. खरं तर मला त्याच्या आड लपायचंही नाही. ज्या गोष्टीची लाज वाटते तिच्यात अमानवीय काहीच नव्हतं. एक मान होती, ती मी हलवली.

तो नारळ मी घेतला नाही. 'येतो' म्हणून निघून आलो.

हे इथे लिहिलं खरं, पण नावं बदलून, गाव लपवून. मामा मोबाईलवर काही वाचत नाहीत, आमच्या चावडीवरही कुणी हे वाचणार नाही. तेव्हा याने काही फिटत नाही, हे मला कळतं. धोंडीमामांना मी एक वाक्य देणं लागतो — चावडीपुढे, गाव जमलेलं असताना, माझ्या खऱ्या नावाने : ती जागा मामांनी दाखवली नाही, नारळ माझ्या हातात उभा राहिला. ते मी अजून दिलेलं नाही.